लघुपट घडताना (७) : वाहतं पाणी थांबतं तेव्हा

कॉलेजांच्या लघुपट महोत्सवांत भयपट भरपूर असतात आणि त्यामागचं कारण रास्त आहे. एक फ्लॅट, एक अभिनेत्री आणि मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा एवढ्यावर भयपट उभा राहतो. पण यातल्या बहुतेकांत आपण घाबरत नाही, नुसते दचकतो. दिवे जातात, दार करकरतं, मग कान फाडणारा आवाज आणि आरशात चेहरा. दचकणं क्षणात ओसरतं आणि प्रेक्षक पुन्हा मोबाइल बघायला मोकळा होतो. मागच्या भागात आपण दोन माणसांच्या संवादात कॅमेरा कुठे ठेवायचा ते पाहिलं. या वेळी दृश्यात एकच माणूस आहे, तो फारसं बोलतही नाही आणि तरी तीन मिनिटं प्रेक्षकाची नजर हलता कामा नये.

ताण तयार होतो तो प्रेक्षकाला असलेल्या माहितीतून. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत याचं उदाहरण दिलं होतं आणि सिनेमा शिकवणारे ते आजही सांगतात. दोघं जण टेबलाशी गप्पा मारत बसलेत आणि टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब ठेवला जाताना प्रेक्षकाने आधी पाहिला असेल आणि समोर घड्याळ दिसत असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा तो १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. गप्पांमधला एक शब्दही बदलावा लागत नाही.

वर्गात हे सगळ्यांना पटतं. शूटिंगच्या दिवशी मात्र विद्यार्थी नेमकं उलट करतात, कारण त्यांना प्रेक्षकाला चकवायचं असतं. शेवट लपवण्याच्या नादात ते सगळंच लपवतात आणि मग कशाची वाट बघायची हेच प्रेक्षकाला कळत नाही.

‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) या चित्रपटाकडे मी पुन्हा पुन्हा जातो तो यासाठी. त्याचे दिग्दर्शक डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोघे युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडात सिनेमा शिकले. चित्रपटातली तीन पात्रंही सिनेमाचे विद्यार्थीच आहेत, जंगलातल्या चेटकिणीवर माहितीपट करायला निघालेले. १९९७च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत मुख्य चित्रीकरण झालं. कॅमेरे नटांच्याच हातात होते. रोजच्या सूचना त्यांना डब्यांत चिठ्ठ्या ठेवून मिळत, खाणं दिवसेंदिवस कमी केलं जाई आणि रात्री तंबूबाहेर काय घडणार हे आधी सांगितलं जात नसे. हे किस्से सर्वांना ठाऊक असतात. शेवटचं दृश्य कसं रचलंय याकडे मात्र कमी जणांचं लक्ष जातं. पडक्या घराच्या तळघरात तिघांपैकी माइक नावाचा तरुण भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा आहे. बस, एवढंच. रक्त नाही, चेहरा नाही, चेटकीण तर नाहीच. तरी अंगावर काटा येतो, कारण चित्रपटाच्या सुरुवातीला एका गावकऱ्याने सहज सांगितलेलं असतं की इथला खुनी एका मुलाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा. चाचणीच्या खेळांत प्रेक्षकांना हा शेवट उमगत नव्हता. तेव्हा कोपऱ्याचा उल्लेख असलेला मुलाखतीचा भाग नंतर चित्रित करून जोडण्यात आला. म्हणजे शॉट तोच. आधी तो कोड्यात टाकत होता; एक वाक्य कानावर पडून गेल्यावर तो घाबरवू लागला.

आता आपण आपलं एक दृश्य रचू. गाव आपलंच, घर दुमजली जुनं. खाली घरमालक राहतात, वर भाड्याच्या खोल्यांत एक विद्यार्थिनी. मालक मंडळी गावाला गेली आहेत. नगरपालिकेचं पाणी रात्री येतं आणि जोर चांगला असल्यामुळे थेट गच्चीवरच्या टाकीत चढतं. टाकी भरली की वर जाऊन कॉक बंद करायचा, नाहीतर पाणी खालच्या पत्र्यावर सांडत राहतं. दृश्याच्या सुरुवातीला ती फोनवर बोलते आहे. पलीकडून घरमालकीण काकू विचारतात, “गच्चीला कुलूप आहे ना गं? आणि दुसरी किल्ली शोधत बसू नकोस, ती माझ्या पर्समध्येच आलीये.” ती हसून “हो काकू” म्हणते आणि फोन ठेवते. खिळ्याला लटकलेली किल्ली आपल्याला दिसते. कुलूप आतल्या बाजूने आहे आणि घरात किल्ली एकच, एवढं प्रेक्षकाला कळलं. आपण काही महत्त्वाचं ऐकलं असं त्याला वाटता कामा नये, म्हणून त्या वेळी तिच्या हातात काम हवं. ती धुतलेले कपडे घड्या घालते आहे, असं धरू.

पत्र्यावर पाणी ताडताड पडायला लागतं. ती किल्ली घेऊन जिना चढू लागते. मधल्या वळणावर येते आणि पाण्याचा आवाज थांबतो.

इथे कट करू नका. तिला मध्यम अंतरावरून, जिन्याच्या खालून घ्या. वरचं कुलूपबंद दार फ्रेमच्या कोपऱ्यात लहानसं दिसू द्या. कॅमेरा दारापाशी नेऊन वरून खाली तिच्याकडे बघितलं, तर तो लगेच कुणाच्या तरी नजरेसारखा वाटतो आणि इतक्या लवकर तसं वाटू देणं हा अपव्यय आहे. ती थबकते. वर बघते. मग तिच्या चेहऱ्यावर अगदी साधा विचार उमटतो: पाणी गेलं असेल. हे कारण प्रेक्षकालाही हवंच असतं, तो ते आनंदाने घेतो. ती वळून खाली येते, स्वयंपाकघरात पाय ठेवते. तिथे ओट्याचा नळ थेट लाइनचा आहे. त्याखाली लावलेली बादली भरून वाहते आहे. नळाला धो धो पाणी आहे.

मी हे दृश्य इथेच थांबवीन. वर कोणी तरी कॉक बंद केला, हे वाक्य कोणीही उच्चारलेलं नाही. ते प्रेक्षकाने स्वतः जुळवलं. बाहेरून लादलेल्या धक्क्यापेक्षा स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस अधिक वेळ सोबत घेऊन फिरतो. तुमच्याकडे भुताच्या मेकअपचे पैसे नसतील, तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

चालू असलेला आवाज थांबवण्याची ही युक्ती जुनी आहे. आरकेओ स्टुडिओच्या ‘कॅट पीपल’ (१९४२) या कमी खर्चाच्या चित्रपटात निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जॅक टर्नर यांनी ती कायमची कोरून ठेवली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कलगत रात्री एक स्त्री चालली आहे, श्वापदाचं रूप घेऊ शकणारी दुसरी तिच्या मागावर. संगीत नाही. ऐकू येतात ते दोघींच्या टाचांचे आवाज, एकदा हिचे, एकदा तिचे. संकलक मार्क रॉबसन पुढची आणि मागची असे शॉट आलटून पालटून देतो आणि आपल्या कानांना त्या लयीची सवय होते. मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. ती बाई मानवी पावलांनी चालायची थांबली, तर आता कशी येतेय? पुढची स्त्री घाई करते, मागे बघते, कोणी नाही. आणि बाजूने कर्कश फुत्कार टाकत एक बस येऊन उभी राहते. तो दचका इतका गाजला की अशा फसव्या धक्क्याला सिनेमावाले ‘ल्यूटन बस’ म्हणतात. विद्यार्थी बसची नक्कल करतात, टाचा विसरतात.

आवाज थांबवायचा तर तो शून्यावर आणू नका. एडिटिंगच्या टाइमलाइनवर ट्रॅक पूर्ण रिकामा ठेवला, तर प्रेक्षकाला स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. पाणी थांबलं तरी पंखा फिरत असतो, ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो, लांब कुत्रं भुंकतं. म्हणून शूटिंगच्या जागीच, सगळ्यांना गप्प बसवून, निदान मिनिटभराचा रूम टोन वेगळा रेकॉर्ड करा. पाण्याचा आवाजही वेगळाच घ्या. दोन्ही एकत्र रेकॉर्ड झाले, तर एक काढताना दुसरा जातो.

आवाजाच्या बाबतीत जपानच्या ताकाशी शिमिझूचं उदाहरण विद्यार्थ्यांनी मुद्दाम बघावं. तो टोकियोत कियोशी कुरोसावा यांच्या हाताखाली सिनेमा शिकत होता. १९९८मध्ये दूरचित्रवाणीसाठी त्याला जेमतेम तीन-तीन मिनिटांचे दोन भाग करायला मिळाले. एकात दोन शाळकरी मुली सशांच्या पिंजऱ्याची निगा राखताहेत, दुसऱ्यात एका मुलाला बेवारस मोबाइल वाजताना सापडतो. पुढे ‘जु-ऑन’ मालिका आणि तिचं २००४चं हॉलिवूड रूप ‘द ग्रज’ यांचं बी या सहा-सात मिनिटांतलं. कायाको या भुताच्या घशातून निघणारी ती घरघर शिमिझूने स्वतःच्याच तोंडाने काढली आहे. तीन मिनिटांत कायाको दिसते आणि पूर्ण दिसते, हे मी मान्य करतो. दाखवू नये असा नियम नाही. पण ती शेवटी येते, सरपटत, सावकाश येते. घाई पात्राला असते, भुताला नसते.

भीतीला अंधारच लागतो, असाही एक गैरसमज आहे. जॉन कार्पेंटरने लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात विद्यार्थी असताना ‘डार्क स्टार’ सुरू केला. नंतर सुमारे तीन लाख डॉलरांत त्याने ‘हॅलोवीन’ (१९७८) केला. त्यातला खुनी मायकल मायर्स अर्धा चित्रपट भर उन्हात उभा असतो. कुंपणाच्या झाडीपाशी, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, लांब, स्थिर. प्रेक्षकाला तो दिसतो, पुन्हा बघेपर्यंत नसतो आणि मग पुढच्या प्रत्येक फ्रेमच्या कडा प्रेक्षक स्वतःच तपासू लागतो. अंधाराचा जबरदस्त उपयोग कार्पेंटर एका ठिकाणी करतो. नायिका लॉरी दाराच्या चौकटीला टेकून हुंदके देते आहे, तिच्या शेजारी काळोखी खोली. त्या काळोखातून पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो. छायाचित्रकार डीन कंडीने तिथे एक छोटा दिवा डिमरवर ठेवला होता आणि तो जेमतेम वाढवला. कट नाही, कॅमेरा हलत नाही. घरातल्या पंख्याच्या रेग्युलेटरवर साधा पिवळा बल्ब लावून रंगीत तालमीत हे करून बघता येईल. वायरिंग मात्र जाणत्या माणसाकडून करून घ्या.

याच ‘हॅलोवीन’मुळे मला एक गोष्ट कबूल करावी लागते. मी संगीताविरुद्ध नेहमी बोलतो. पण कार्पेंटरने संगीताशिवायची आवृत्ती स्टुडिओतल्या एका अधिकारी बाईंना दाखवली, तेव्हा त्या मुळीच घाबरल्या नाहीत. मग त्याने स्वतः पियानो आणि सिंथेसायझरवर ती पाच मात्रांची धून बांधली. संगीताने दृश्य तरतं, हे खरं. इंटरनेटवरून उतरवलेला घुमणारा आवाज पहिल्या शॉटपासून पसरून ठेवला, तर मात्र तोच पंख्यासारखा सवयीचा होतो आणि ज्या क्षणी हवा तिथे निरुपयोगी ठरतो.

मराठीत भर दिवसाची भीती विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’ने (२०१७) दाखवली. उसाचा फड हे त्याचं खरं यश. फडात ऊन असतं, वारा असतो, आणि हातभरापलीकडचं काही दिसत नाही. पानांची सळसळ कोणामुळे झाली हे सांगता येत नाही. ज्यांच्या गावी ऊस आहे त्या विद्यार्थ्यांनी शहरातल्या बंद लिफ्ट आणि पार्किंगमागे का धावावं, हे मला खरोखर कळत नाही. भीती वाटावी अशी जागा तुमच्या ओळखीची हवी, कारण तिथला कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला वेगळा हे तुम्हालाच माहीत असतं.

राहिला प्रश्न शॉट किती वेळ धरायचा. ‘द एक्सॉर्सिस्ट ३’ (१९९०) मधला इस्पितळाच्या कॉरिडॉरचा शॉट शोधून बघा. रात्रपाळीची परिचारिका, लांबवर ठेवलेला स्थिर कॅमेरा, आणि बराच वेळ काहीही घडत नाही. प्रत्येक कट प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा देतो. इथे ती जागा फारशी दिलेली नाही. विद्यार्थी असा शॉट घेतात, पण एडिटला बसल्यावर कापतात. तोच शॉट सतत बघून त्यांना तो लांबलेला वाटू लागतो. कापण्याआधी, गोष्ट ठाऊक नसलेल्या कुणाला तरी तो दाखवा आणि पडद्याकडे न बघता त्या माणसाकडे बघा. तो पुढे झुकला असेल तर आणखी दोन सेकंद वाढवा. खुर्चीत सरकून बसला असेल तर कापा.

या आठवड्याचा अभ्यास असा: जिना, कुलूप आणि नळाचं दृश्य तुमच्या घरात बसवा, संवाद फक्त काकूंच्या फोनपुरता. आधी ते किल्लीच्या माहितीसह संकलित करा, मग किल्लीचा उल्लेख काढून, आणि दोन्ही रूपं वेगवेगळ्या लोकांना दाखवा. पुढच्या भागात माइक कुठला घ्यावा, पत्र्यावरचं पाणी रेकॉर्ड करताना तो किती लांब धरावा आणि वाऱ्याचा आवाज कसा टाळावा, ते पाहू.