माहितीच्या खिडकीवरील आकारणी : समज आणि वस्तुस्थिती

समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी आपल्या माहितीसाठ्यातून मजकूर घेणाऱ्या डेव्हलपरांवर शुल्क बसविल्याची वार्ता २०२३ साली पसरली, तेव्हा तिच्याबरोबर जे गैरसमज पसरले ते अद्याप पुरते निवळलेले नाहीत. त्यांतील सर्वांत सार्वत्रिक समज असा की, ट्विटर किंवा रेडिट वाचण्यासाठी आता सामान्य माणसालाही पैसे मोजावे लागणार. वस्तुतः ही आकारणी वाचकावर नव्हे, तर एपीआय नावाच्या व्यवस्थेवर आहे. कचेरीच्या खिडकीवर विहित नमुन्यातील अर्ज दिला म्हणजे कारकून दप्तरातील नेमक्या कागदाची नक्कल काढून देतो आणि अर्जदाराला दप्तरखान्यात शिरावे लागत नाही; त्याचप्रमाणे एखादे ॲप ठरावीक स्वरूपात मागणी पाठविते आणि कंपनीचा संगणक तेवढीच माहिती परत करतो. मात्र ज्यांचे आवडते ॲप या शुल्कामुळे बंद पडले, त्या वाचकांना त्याची झळ लागली नाही असे म्हणता येणार नाही.

ही प्रथा ट्विटरचे मालक इलॉन मस्क यांनी सुरू केली, असेही पुष्कळ जण मानतात. परंतु ग्निप नावाची कंपनी २०१० पासूनच ट्विटरचा मजकूर घाऊक ग्राहकांना रीतसर विकत होती, आणि २०१४ साली ट्विटरने ती कंपनीच खरेदी केली. मस्क यांच्या अमदानीत बदलले ते एवढेच की, किरकोळ अर्जदाराची विनामूल्य खिडकी जवळजवळ बंद झाली. ९ फेब्रुवारी २०२३ पासून मोफत प्रवेश संपेल असे अवघा आठवडाभर आधी जाहीर करण्यात आले. ती मुदत टळली, आणि मार्चअखेर जे दरपत्रक आले त्यात मोफत वर्गाला केवळ मजकूर पाठविण्यापुरती मुभा राहिली, दरमहा १०० डॉलर भरणाऱ्यास महिन्याला १०,००० ट्वीट वाचता येऊ लागली, आणि घाऊक वर्गाचा दर महिना ४२,००० डॉलरपासून सुरू होतो अशी बातमी प्रसिद्ध झाली.

आता सर्वांत वादग्रस्त समजाकडे वळू. संगणक चालविण्यास खर्च येतो, तो वापरणाऱ्याने द्यावा, यात अन्याय कसला, असा युक्तिवाद केला जातो. तत्त्वतः तो मला मान्य आहे. दुसऱ्याच्या साधनांवर स्वतःचा व्यवसाय चालविणाऱ्याने त्याचे मोल द्यावे, हे उचितच. परंतु रेडिटच्या प्रकरणाचा तपशील पाहिला म्हणजे हा युक्तिवाद अपुरा वाटू लागतो. हजार मागण्यांस २४ सेंट, असा त्या कंपनीचा दर होता. अपोलो या लोकप्रिय ॲपचे कर्ते ख्रिश्चन सेलिग यांनी हिशेब मांडला की, आपले ॲप महिन्याला सुमारे ७ अब्ज मागण्या पाठविते, म्हणजे वर्षाचे देणे सुमारे २ कोटी डॉलर होईल. हा दर उघड झाला मेअखेर आणि अंमलात येणार होता १ जुलैला. ज्यांनी वर्षभराची वर्गणी आगाऊ घेतलेली आहे, त्यांना केवळ महिन्याभराच्या सूचनेत संपूर्ण व्यवहार फिरविणे अशक्य होते. दरापेक्षाही ही मुदतच माझ्या मते अधिक अन्यायकारक होती. १२ जूनला हजारो रेडिट-समूहांनी निषेधार्थ आपली दारे लावून घेतली, तरी दर बदलला नाही, आणि ३० जूनला अपोलो बंद झाले.

रेडिटने सर्वांवरच शुल्क लादले, हा समज मात्र खरा नव्हे. मिनिटाला १०० मागण्यांपर्यंतचा वापर विनामूल्य राहिला, आणि दृष्टिहीनांसाठी उपयुक्त अशा काही बिगरव्यापारी ॲपांना सूट मिळाली. परंतु प्रश्न केवळ संगणकाच्या खर्चाचा नव्हता, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने भागविक्रीसाठी सादर केलेल्या दस्तऐवजावरून स्पष्ट झाले. माहितीच्या परवान्यांचे एकूण २० कोटी ३० लाख डॉलरचे, दोन ते तीन वर्षे मुदतीचे करार झाल्याची नोंद त्यात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला भाषा शिकविण्यासाठी ज्या मजकुराला एवढे मोल आले, तो असंख्य लोकांनी विनामोबदला लिहिलेला आहे, आणि त्याची निगराणीही विनावेतन स्वयंसेवकच करीत आले आहेत.

शुल्क म्हणजे खासगी माहितीची विक्री, आणि मोफत प्रवेश म्हणजे निर्धोक व्यवस्था, ही समजूत तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. केंब्रिज ॲनॅलिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकचा एपीआय मोफत होता. सुमारे २,७०,००० लोकांनी एक प्रश्नावलीचे ॲप घेतले, आणि त्यांच्या मित्रांची माहितीही त्या ॲपला मिळू शकत असल्याने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असावी, असे फेसबुकनेच २०१८ साली सांगितले. संरक्षण शुल्काने होत नाही. कोणती माहिती कोणाच्या संमतीने द्यावयाची, या नियमाने होते.

हे सारे परदेशी कंपन्यांचे आणि त्यांच्या ॲपकर्त्यांचे भांडण आहे, असे मराठी वाचकाने समजू नये. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधनगटाने २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्वीटचा महासेंट आणि पुढे २५,००० ट्वीटचा महाहेट असे संच सिद्ध केले. मराठी मजकुरातील भावना आणि द्वेषोक्ती संगणकाला ओळखता यावी, हा त्यांचा हेतू. ज्या भाषेचे असे साहित्य मुळातच तुटपुंजे, तिच्या अभ्यासकाला २०२३ च्या दरपत्रकातील महिना १०,००० ट्वीटांच्या मर्यादेत २५,००० ट्वीट केवळ वाचावयासही तीन महिने लागले असते, आणि त्यांतून निवड करावयाची तर कितीतरी अधिक. ट्विटरने २०२१ साली संशोधकांसाठी महिना १ कोटी ट्वीटांची जी विनामूल्य सोय केली होती, तीही २०२३ साली गेली. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या ४० व्या कलमाने संशोधकांना मोठ्या मंचांवरील सार्वजनिक माहिती मिळविण्याचा मार्ग दिला आहे. आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत असे कलम नाही. ते यावे, अशी मागणी आपल्या विद्यापीठांनी आणि भाषासंस्थांनी केंद्र सरकारकडे एकमुखाने केली पाहिजे.