तीनशे एक्क्याऐंशी दिवसांची रसद

सैन्य पोटावर चालते, असे आम्हां कॅडेटना शिकवतात. अमेरिकेतील माँटगमेरी शहराच्या बस बहिष्काराविषयी वाचताना मला ते पुरते पटले.

तिथे बसमध्ये गोऱ्या प्रवाशाला जागा हवी असेल, तर कृष्णवर्णीयाने उठायचे. १ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस टिकला.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नेतृत्व आपल्याला ठाऊक असते, पण रसद पुरवली ती कष्टकरी कुटुंबांनी. गोऱ्यांच्या घरी धुणे-स्वयंपाक करणाऱ्या बायका कामावर मैलोन्‌मैल पायी जात. सुमारे ३०० मोटारी ठरलेल्या थांब्यांवरून लोकांची ने-आण करत. पेट्रोलला पैसे हवेत. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण होत्या. न्यायालयात साक्ष दिल्यावर त्यांची नोकरी गेली. तरी त्या घरी रांधून जेवण विकत राहिल्या. त्यांनी आणि इतर बायकांनी असा जमवलेला पैसा चळवळीला मिळाला.

नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसमधला हा भेद घटनाबाह्य ठरवला. या विजयात त्या चुलींचाही वाटा आहे, असे मला वाटते.