पेशींची संगत

एखादे नवे द्रव्य मनुष्याच्या अंगाला लावण्यास निर्धोक आहे की नाही, हे ठरविण्याची जी रीत अमेरिकेत जॉन ड्रेझ यांनी १९४४ साली घालून दिली, तिचा सारा भार पुढे कित्येक दशके सशांच्या कातडीने आणि डोळ्यांनी सोसला. तो आज पुष्कळ अंशी उतरला असेल, तर त्याचे श्रेय जितके करुणेला आहे तितकेच मानवी त्वचा प्रयोगशाळेत घडविणाऱ्या विद्येलाही आहे.

१९७५ साली जेम्स राइनवाल्ड व हॉवर्ड ग्रीन यांनी बाह्यत्वचेच्या मानवी पेशी पात्रात पिढ्यानपिढ्या वाढविण्याची पद्धत सिद्ध केली. परंतु सपाट तळावर पसरलेल्या पेशी म्हणजे त्वचा नव्हे. कोलॅजेनच्या अस्तरात अंतस्त्वचेच्या पेशी रुजवून, त्यांवर बाह्यत्वचेच्या पेशींचा थर देऊन, तो वरून हवेस उघडा आणि खालून पोषक द्रवाने ओला ठेवला, की सुमारे दोन आठवड्यांत त्या पेशी थरावर थर रचतात आणि खऱ्या कातडीप्रमाणे शृंगमय कवच धारण करतात. अशा ऊतीवर परीक्ष्य द्रव्य ठेवून, धुऊन, मग तिला एक पिवळे रंजक देतात. जिवंत पेशी त्यास जांभळे करतात, आणि त्या रंगावरून निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत उरल्याचे दिसले, तर ते द्रव्य दाहक म्हणून नोंदले जाते.

केसांचे प्रकरण अधिक गहन. केसाच्या मुळाशी असलेल्या अंकुरकातील पेशी सपाट तळावर वाढविल्या, की नवा केस उपजविण्याचे सामर्थ्य गमावतात. २०१३ साली अँजेला क्रिस्टियानो, कॉलिन जहोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पेशींना लोंबत्या थेंबात परस्परांशी बिलगू दिले, तेव्हा हरपलेले सामर्थ्य अंशतः परतले, आणि उंदरांवर कलम केलेल्या मानवी त्वचेत नवे केस उगवले. २०२० साली कार्ल कोहलर यांच्या चमूने तर मानवी मूलपेशींपासूनच, चार-पाच महिन्यांत, सकेश त्वचेचे सूक्ष्म गोळे वाढविले. पेशीचा स्वभाव केवळ तिच्या बीजात नसून तिच्या संगतीतही वसतो, हा या साऱ्या उद्योगाचा इत्यर्थ होय.

रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकारक पेशी यांचा सहसा अभाव असल्याने या ऊती अद्याप अपूर्ण आहेत, आणि सर्वच प्रश्नांचा निवाडा त्यांच्याकडून होत नाही. तथापि युरोपीय संघाने २०१३ साली प्राण्यांवर पारखलेल्या प्रसाधनांच्या विक्रीस पूर्ण मनाई केली व भारतानेही २०१४ साली प्रसाधनांसाठी अशा चाचण्या बंद केल्या, तेव्हा त्या हुकमांची अंमलबजावणी शक्य करणाऱ्या साधनांत या ऊतींचा वाटा मोठा होता. आणि मानवी पेशी जिथे स्वतःच साक्ष देऊ शकतात, तिथे ती मुक्या जीवांकडून वसूल करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.