रस्त्यालाही टाकी लावावी लागते

मृग निघतो. उन्हाने भाजून निघालेल्या जमिनीवर पहिली सर पडते, मातीचा वास सुटतो, घरोघरी पाभर आणि बियाण्याची लगबग सुरू होते. आणि नेमकी त्याच दिवशी संध्याकाळी गावात बातमी येते, “खालच्या वळणावर कुणीतरी पडलं!”

आमच्या गावाखाली असे एक वळण आहे. एका मृगात डेअरीला दूध घालून परत येणारे नवरा-बायको तिथे पडले. गाडी फार वेगात नव्हती. समोर म्हैस आली, त्याने ब्रेक दाबला आणि मागचे चाक सरकले. त्याचे खरचटण्यावर निभावले, पण तिचा हात मोडला. ऐन पेरणीच्या दिवसांत ती माउली गळ्यात हात अडकवून दीड महिना बसून राहिली. त्याच्या आदल्या पावसाळ्यातही तिथेच एक पोरगा आपटला होता. झाले! जागाच वाईट, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. बाभळीला लिंबू-मिरची लटकली, वळणावर नारळ फुटू लागले.

वाचकहो, जागा वाईट होती हे खरेच. पण तो वाईटपणा भुताखेताचा नव्हता. तो रस्त्याच्या पाठीवर होता आणि उन्हात डोळ्यांना दिसत होता. तिथली खडी झिजून झिजून चकाकत होती.

पाटा गुळगुळीत झाला की

घरातल्या मायबहिणींना हे चटकन उमजेल. पाटा-वरवंटा वर्षानुवर्षे वापरला की गुळगुळीत होतो. मग मिरची वाटली जात नाही, नुसती घसरते. जात्याचेही तसेच. म्हणून टाकीवाली दारावर आली की आपण तिच्याकडून पाट्याला टाकी लावून घेतो. दगड तोच, पण अंग खरखरीत झाले की पुन्हा कामाला येतो.

डांबरी रस्ता म्हणजे डांबराने एकमेकांना धरून ठेवलेली खडीच. आपल्याकडे ती बहुतेक काळ्या पाषाणाची असते. दगड मजबूत खरा, पण रात्रंदिवस ट्रक, एसटी आणि उसाच्या ट्रॉल्या त्याच्यावरून फिरतात. टायर आणि बारीक धूळ मिळून त्याला पॉलिश करतात. वळणावर, चढ-उतारावर आणि थांब्यापाशी चाके जास्त घासतात, म्हणून तिथला दगड लवकर गुळगुळीत होतो. कोणता दगड किती लवकर चकाकतो हे मोजण्याची पद्धत भारतीय मानकात १९६३ सालापासून दिलेली आहे.

दुसरे कारण उन्हाळ्याचे. डांबर जास्त पडले असेल तर वैशाखात ते वितळून वर येते. खडी बुडते आणि चाकोरीत काळे, चकचकीत पट्टे उठतात. पावसात त्यांवर टायरला धरायला काही उरत नाही. अशा रस्त्यावर पत्र्या मारलेल्या बैलाचासुद्धा पाय सरकतो, मग दोन चाकांच्या गाडीची काय कथा!

पहिली सर का फसवते?

सात-आठ महिने रस्त्यावर धूळ, गाड्यांचे तेल आणि टायरची झीज साचत राहते. जोराचा पाऊस आला तर हे सारे धुऊन जाते. पण नुसती भुरभुर झाली तर त्याचा पातळ चिखल होऊन तो रस्त्यावर साबणासारखा बसतो. म्हणून पहिल्या सरीची पहिली काही मिनिटे सर्वांत धोक्याची. त्या वेळी घटकाभर आडोशाला थांबलात, तर चहाचे पैसे जातील, पण हातपाय शाबूत राहतील.

आता हिशेब पाहा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी चांगल्या खरखरीत रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये थांबते. रस्त्याची पकड निम्मी झाली की तिला २८ मीटर लागतात. म्हणजे गाडी १४ मीटर, जवळजवळ ४६ फूट, जास्त पुढे जाते. त्या ४६ फुटांत शाळेतून सुटलेली पोरे असतील, गुरे असतील, नाहीतर बिनदिव्याची ट्रॉली उभी असेल. वेग दुप्पट केला तर थांबायला चौपट जागा लागते, हेही ध्यानात ठेवावे.

वळणावर तर रस्त्याच्या पकडीवर दोन कामे पडतात: गाडी वळवायची आणि थांबवायचीही. दोन्ही एकदम मागितली की पकड सुटते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर.

रस्त्याची टाकी

गुळगुळीत रस्त्याला पुन्हा खरखरीत करण्याचे उपाय आहेत, आणि त्यासाठी दरवेळी सगळा रस्ता उखडावा लागत नाही.

सर्वांत साधा उपाय म्हणजे गरम डांबराचा पातळ फवारा मारून त्यावर एकाच मापाची, स्वच्छ, बारीक खडी पसरायची आणि रोलर फिरवायचा. खडीचे टोकदार अंग वर राहते, म्हणून टायरला पकड मिळते. खडींमधल्या फटींतून पाण्याला पळायला वाट मिळते. खडी धुळीने माखलेली असेल तर डांबर तिला धरत नाही. डांबर जास्त झाले तर पुढल्या वैशाखात पुन्हा तेच चकचकीत पट्टे. काम नवे असताना सुटी खडी उडते, तेव्हा चार दिवस गाडी हळू हाकावी.

डांबर वर आलेल्या जागी गरम केलेली जाड वाळू किंवा बारीक कच पसरून रोलरने दाबतात. ती जास्तीचे डांबर पिऊन घेते.

जिथे वारंवार अपघात होतात, अशा थोड्या जागेसाठी एक महाग पण पक्का उपाय आहे. रस्त्यावर इपॉक्सी नावाचा चिवट डिंक पसरायचा आणि त्यावर भाजलेल्या बॉक्साइटची ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी कच पेरायची. बॉक्साइट म्हणजे ज्यापासून अॅल्युमिनियम काढतात ते खनिज. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही त्याच्या खाणी आहेत. रस्त्यासाठी मात्र उच्च प्रतीचे बॉक्साइट निवडून दीड हजार अंशांहून जास्त उष्णतेत भाजावे लागते. मग ते इतके कठीण होते की वर्षानुवर्षे चाके फिरूनही सहसा गुळगुळीत होत नाही.

१९६०च्या दशकात लंडन शहरात पादचाऱ्यांच्या पट्ट्यांआधी आणि चौकांजवळ असे थर दिले गेले. पुढे अमेरिकेत ही रीत वळणांवर वापरली गेली. तिथले केंद्रीय महामार्ग खाते सांगते की, असा थर दिलेल्या वळणांवर माणसे जखमी होणारे अपघात ४८ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. रस्ता सारा तसाच, फक्त वळणाचा तुकडा खरखरीत केलेला!

आपल्या गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याला तर हे फुकटात होते. काँक्रीट ओले असताना त्यावर रस्त्याच्या आडवा कडक ब्रश ओढून रेघा पाडायच्या असतात. पुष्कळ ठिकाणी गवंडी हौसेने थापी फिरवून ओट्यासारखा गुळगुळीत रस्ता करतो आणि आपणही “काय सुरेख झालाय!” म्हणतो. पावसाळ्यात शेवाळ धरले की त्याच रस्त्यावर म्हातारी माणसे घसरतात. काम चालू असताना उभे राहून रेघा मारून घ्या.

आपलाही हात आहे

थोडे आपल्याकडेही पाहू. ओल्या रानातून ट्रॅक्टर थेट डांबरी रस्त्यावर येतो आणि चाकांची काळी माती शंभर पावले सांडत जातो. वर पाऊस पडला की सरकारने कितीही चांगली खडी टाकलेली असो, ती चिखलाखाली झाकली जाते. रस्त्यावर येण्याआधी चाकांची माती फावड्याने काढावी, पडलेली लगेच ओढून घ्यावी. सोयाबीन, ज्वारी रस्त्यावर पसरून मळू नये. त्या काडावरून मोटारसायकल हमखास घसरते, आणि धान्याभोवती लावलेले दगड रात्री कुणाच्या तरी जिवावर उठतात. टायरच्या रेघा झिजल्या असतील तर “हा हंगाम निघेल” म्हणू नये.

मागायचे ते नेमके मागा

रस्ता कुणाचा हे आधी विचारून घ्या. गावरस्ते बहुधा जिल्हा परिषदेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते. कामाचा फलक वाचला तर मुदत कळते.

“रस्ता खराब आहे” एवढ्या अर्जाने काम होत नाही. कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळचे वळण, कोणत्या तारखांना किती जण पडले, रस्ता कोरडा होता की ओला, हे वहीत लिहा. भर दुपारी चकाकणाऱ्या खडीचा फोटो कडेला उभे राहून काढा. ग्रामसभेत ठराव करा आणि “या वळणावर खरखरीत थर द्या, तोवर सूचनेचा फलक लावा” असे स्पष्ट मागा. अर्जाची पोच जपून ठेवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, सुरक्षिततेचे नियम न पाळल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झाले, तर रस्त्याची जबाबदारी असणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तशीच वेळ आली तर रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक पोरांनाही पाठ असू द्या.

आमच्या वळणासाठीही अशीच वही धरली, अर्ज गेले, दोनदा परत जाऊन विचारावे लागले. एका हिवाळ्यात बारीक खडीचा नवा थर पडला. पुढच्या मृगात हात मोडलेली ती बाई पुन्हा नवऱ्यामागे दुधाची किटली धरून त्याच वळणावरून गेली. बाभळीवर लिंबू-मिरची अजूनही कुणीतरी बांधते. बांधू द्या. पण दर दिवाळीनंतर वळणाची खडी चकाकू लागली का, हे पाहायला आता गावातले कुणी ना कुणी जाते. तुमच्या वळणावर कोण जाते?