तोल चाकांवरचा – लेखांक ३ : आधी उतरायला शिका

मागच्या लेखात आपण हॉवरबोर्डच्या पोटात डोकावलो. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर, प्रत्येक पावलाखाली कल ओळखणारा स्वतंत्र सेन्सर आणि पाय ठेवल्याची वर्दी देणारा स्विच. बोर्डाचे दोन्ही अर्धे भाग मधल्या सांध्यावर आपापले फिरतात. एवढं ध्यानात असेल, तर आजचा धडा सोपा जाईल. आज प्रत्यक्ष बोर्डावर उभं राहायचं आहे.

सरळ चालवणं लवकर जमतं. नवशिक्याची खरी परीक्षा असते ती चढताना आणि उतरताना. त्या क्षणी एक पाय बोर्डावर आणि दुसरा जमिनीवर असतो. बोर्डावरच्या पायाचा चवडा जरा दाबला गेला की त्या बाजूचं चाक पुढे धावतं, दुसरं जागीच राहतं आणि बोर्ड गर्रकन फिरतो. म्हणून पहिले काही दिवस चढण्या-उतरण्याचाच सराव करा. फेऱ्या मारायची घाई नको.

आधी तयारी. हेल्मेट, कोपर-गुडघ्यांचे पॅड आणि मनगटाचे गार्ड हवेतच. पडताना माणूस आपसूक हात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. अमेरिकेत २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत सुमारे २७ हजार मुलांना हॉवरबोर्डवरच्या दुखापतींमुळे इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं, असा अंदाज आहे. त्यांत हाड मोडण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं आणि मनगटाला सर्वांत जास्त इजा झाली होती. पायात सपाट तळाचे, घट्ट बसणारे बूट घाला, चप्पल नको. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत किमान वजन दिलेलं असतं, बहुधा २० किलोच्या आसपास. त्याहून हलक्या मुलाचा भार यंत्राला नीट कळत नाही, तेव्हा त्याला थोडं थांबवा.

जागा सपाट, कोरडी आणि मोकळी हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांची ये-जा नसेल अशी वेळ निवडा. उखडलेले पेव्हर ब्लॉक, वाळू, सांडलेलं पाणी आणि उतार टाळा. रस्त्यावर तर मुळीच जाऊ नका.

आता चढायचं. बोर्ड चालू करून सपाट ठेवा आणि त्याच्या मागे उभे राहा. समोर आई, बाबा किंवा ताई-दादा कुणीतरी उभं राहून हात पुढे करील. त्यांनी ओढायचं नाही, फक्त आधार द्यायचा. एक पाऊल चाकाजवळ ठेवा, पूर्ण तळवा टेकवून. टाच आणि चवडा, दोन्हीवर सारखा भार. मग जिन्याची पायरी चढावी तसा दुसरा पाय न अडखळता वर घ्या. तो अर्धवट टेकवून चाचपडत बसलात, तर बोर्ड डगमगणारच. गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर. पायांकडे पाहिलं की डोकं पुढे जातं, त्यामागून भार पुढे जातो आणि बोर्ड चालू लागतो.

पुढे जायला चवडे हलके दाबा, थांबायला टाचा. कमरेतून वाकायचं नाही. काम घोट्यांचं आहे. उजवा चवडा दाबला की बोर्ड डावीकडे वळतो, डावा दाबला की उजवीकडे.

आणि आता उतरणं. आधी पूर्ण थांबा. मग एक पाय सरळ वर उचलून मागे जमिनीवर टेकवा, लगोलग दुसरा. पाय घासत नेऊ नका. पुढे उतरलात तर बोर्ड पाठीमागे, नजरेआड राहतो आणि टाच त्यात अडकते. मागे उतरलात की तो डोळ्यांसमोर असतो. घाबरून पुढे उडी मारायची सवय लागली, तर ती मोडायला फार वेळ जातो. म्हणून पहिल्याच दिवशी मागे उतरण्याचं वळण लावून घ्या.

बोर्डातून इशाऱ्याचा आवाज येऊ लागला की लगेच वेग कमी करून उतरा. वेग जास्त झाला असेल किंवा बॅटरी संपत आली असेल. बॅटरी चालता चालता संपली, तर तोल सावरणारी मोटर बंद पडते आणि माणूस तोंडावर आपटतो.

कुणाचाही हात न धरता चढता-उतरता येऊ लागलं, म्हणजे हा धडा पुरा झाला. पुढच्या लेखात बॅटरी आणि चार्जिंग. २०१६च्या जुलैमध्ये अमेरिकेत पाच लाखांहून अधिक हॉवरबोर्ड परत मागवावे लागले, ते या बॅटरीमुळेच. बोर्ड विकत घेणार असाल, तर तो लेख वाचेपर्यंत थांबा.