शाळेतील सुधारणा आणि सहकाऱ्यांचा सहभाग

शाळेत नवी पद्धत आणावयाची झाल्यास परिपत्रक वाचून दाखविणे, त्यावर सर्वांच्या सह्या घेणे आणि दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू करणे, हा मार्ग सर्वांत सोपा वाटतो. सह्या होतात, पद्धत मात्र पुष्कळदा कागदावरच राहते. याचे खापर शिक्षकांच्या अनास्थेवर फोडण्याची रीत जुनी आहे. परंतु ज्यांच्या हातून बदल घडावयाचा, त्यांना तो ठरविताना विचारले होते काय, हे आधी पाहिले पाहिजे.

या संबंधातील एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, मॅरियन येथील हारवुड या कपड्यांच्या कारखान्यात झाला. लेस्टर कॉच व जॉन फ्रेंच यांनी त्याचा वृत्तांत १९४८ साली प्रसिद्ध केला. कामाची रीत बदलावयाची होती. एका गटाला ठरलेली नवी रीत केवळ समजावून सांगण्यात आली. त्या गटाचे उत्पादन घटले ते फारसे सुधारलेच नाही. पहिल्या ४० दिवसांत शेकडा १७ जणांनी नोकरी सोडली. अन्य दोन गटांतील सर्व कामगारांना बदलाची गरज पटवून, नव्या रीतीच्या आखणीतच सहभागी करून घेण्यात आले. त्यांचे काम लवकरच पूर्वपदावर येऊन पुढे त्याहूनही वाढले आणि त्या मुदतीत एकानेही काम सोडले नाही. पुढे पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांनाही याच प्रकारे दुसऱ्या कामावर नेले, तेव्हा त्यांनीही उत्तम काम केले. दोष माणसांत नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

शाळा हा कारखाना नव्हे. तेथे तर सहभागाची गरज अधिकच आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट असे की, २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता यावे व प्राथमिक गणित करता यावे. उद्दिष्ट सर्वत्र एकच आहे. परंतु मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत पुष्कळ मुलांची घरची भाषा कोरकू असते. ती मुंडा कुळातील आहे, मराठी आर्य कुळातील. त्या मुलाला मराठी धडा वाचताना अक्षरांबरोबर एक नवी भाषाही शिकावी लागते. वऱ्हाडी बोलत शाळेत येणाऱ्या बाळापूर किंवा दर्यापूरकडील मुलाची अडचण निराळी असते. हा भेद रोज वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकाला ठाऊक असतो. त्याला विचारणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. त्याविना योजनाच अपुरी राहते.

यासाठी मुख्याध्यापकांनी व केंद्रप्रमुखांनी पुढील क्रम ठेवावा.

प्रथम, वस्तुस्थिती सर्वांनी मिळून पाहावी. ‘वाचन कच्चे आहे’ असा शेरा देण्यापेक्षा प्रत्येक मुलाकडून चार ओळी वाचून घेऊन कोठे अडते ते नोंदवावे.

दुसरे, वरून काय ठरले आहे आणि आपल्या हाती काय आहे, हे मोकळेपणाने सांगावे. मुलांना शारीरिक शिक्षा न करणे ही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची आज्ञा आहे. तेथे मताला जागा नाही. उलट वाचनाचा तास कधी ठेवावा, गट कसे करावे, साहित्य कोणते वापरावे, हे शाळेने ठरवावे. आधीच ठरलेल्या गोष्टीवर मत मागणे ही फसवणूक होय. एकदा फसलेला सहकारी पुन्हा तोंड उघडत नाही.

तिसरे, हरकतीला विरोध समजू नये. दोन शिक्षकांकडे चार वर्ग असताना नवी नोंदवही आली, तर कोणती जुनी बंद करावी, ही विचारणा रास्तच आहे. उत्तर आपल्या अधिकारात नसल्यास ती वर कळवावी आणि काय झाले ते परत येऊन सांगावे.

चौथे, एका वर्गात महिनाभर प्रयोग करून, दुरुस्त्या करूनच तो इतरत्र न्यावा. ज्याची सूचना उपयोगी पडली त्याचे नाव सर्वांसमक्ष घ्यावे.

या रीतीला वेळ अधिक लागतो, हे खरे. म्हणून केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेतील निदान अर्धा वेळ सूचनावाचनातून वाचवून या कामी द्यावा. तेथे सर्वांत लहान शाळेच्या शिक्षकाला प्रथम बोलू द्यावे. वडीलधाऱ्यांनंतर बोलण्याचा त्याला बहुधा संकोच वाटतो.