मानेतला वळसा आणि मणक्यातला स्क्रू

आजचा भाग मालवणच्या बंदरावर बसून रेकॉर्ड केलाय. मागे वाऱ्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आमचे एक काका माडावरून पडले. बोलत होते, हातपाय हलत होते, फक्त दोन्ही हातांनी मान धरून बसलेले. चौघांनी त्यांना उचलून रिक्षात घालायची तयारी केलीच होती, तेवढ्यात शेजारच्या नर्सताई ओरडल्या, "तेंची मान हलवू नकात!" मग १०८ आली, कॉलर लागली आणि शेवटी आम्ही गोव्यात बांबोळीला पोचलो. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना ही वाट पाठ आहे. मानेतले पहिले दोन मणके एकमेकांवरून सरकले होते. डॉक्टर म्हणाले, "स्क्रू घालावे लागतील. पण आधी रक्तवाहिनी कुठून जातेय ते बघू."

ती रक्तवाहिनी म्हणजे व्हर्टिब्रल आर्टरी. डावीकडे एक, उजवीकडे एक. मानेच्या सहाव्या मणक्याच्या बाजूच्या भोकात शिरते आणि एकेका मणक्यातून सरळ वर चढते. दुसऱ्या मणक्याशी मात्र ती बाहेर वळते, पहिल्यातून वर येते, त्याच्या मागून खाचेतून फिरते आणि कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून आत जाते. आत दोघी एक होतात. तोल, गिळणं, श्वास सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला हेच रक्त मिळतं.

एवढा वळसा कशाला? जरा डावीकडे-उजवीकडे बघा. त्यातलं जवळपास निम्मं वळणं याच दोन मणक्यांत होतं. धक्क्याला होडी बांधताना भरती-ओहोटीसाठी दोरी ढिली ठेवतात ना, तसंच हे. (सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणाऱ्यांनो, त्या झटक्याने या वाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, क्वचित लकवाही होतो. मी बंद केलंय.)

सर्जनला भीती याच वळशाची. काहींच्या दुसऱ्या मणक्यात वाहिनी इतकी वर चढलेली असते की स्क्रूला हाडच उरत नाही. शिवाय दोन्ही बाजू सारख्या जाड असतील असंही नाही. म्हणून आधी स्कॅन. आणि ऑपरेशनमध्ये एका बाजूची वाहिनी दुखावली, तर दुसऱ्या बाजूला स्क्रू घालायचा मोह टाळतात. दोन्ही गेल्या तर माणूस जाऊ शकतो.

पूर्वी एकच लांब स्क्रू दुसऱ्या मणक्यातून पहिल्यात घालायचे. त्याची वाट वाहिनीला खेटून जायची, आणि मणके आधीच जागेवर आलेले लागायचे. मुंबईत परळच्या केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी वेगळा विचार केला: दोन्ही मणक्यांत वेगवेगळे स्क्रू घालायचे आणि ते पट्टीने जोडायचे. त्यामुळे स्क्रूची दिशा वाहिनी बघून ठरवता येते, आणि सरकलेलं हाड नंतरही जागेवर आणता येतं. गोयल आणि लाहेरी यांचा यावरचा लेख १९९४ चा. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्सनी पट्टीऐवजी सळी वापरली. आज जगभर ही पद्धत गोयल-हार्म्स नावाने ओळखतात. परळचं नाव तिथे ऐकलं की मला तरी भारी वाटतं!

काकांचे दोन्ही बाजूंचे स्क्रू नीट बसले. पण ते दोन मणके आता एकच झालेत. मागून हाक मारली की काका अख्खे वळतात. वर मात्र बघता येतं, त्यामुळे माडावर चढणाऱ्याला खालून सूचना देणं चालूच आहे.